यांग हानसेनचे खांदे आणि चीनची घाई

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सोळाव्या नंबरला यांग हानसेनचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा टीव्हीवर बोलणारी मंडळीसुद्धा जरा गोंधळली. हा मुलगा दुसऱ्या फेरीत कुठेतरी लागेल, असं बहुतेकांचं भाकीत होतं. शानडोंग प्रांतातल्या झिबोचा, चिंगदाओच्या संघाकडून खेळणारा, सात फुटांच्या वरचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू. विसावा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता. मेम्फिसच्या संघाने त्याला उचललं ते पोर्टलंडच्या संघासाठी. पहिल्या फेरीत निवडला गेलेला हा तिसराच चिनी खेळाडू. आधीचे दोघे म्हणजे २००२ चा याओ मिंग आणि २००७ चा यी जियानलियान. जुलैतल्या समर लीगच्या पहिल्याच सामन्यात यांगने १० गुण, ५ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास), ४ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि ३ ब्लॉक (अडवलेले शॉट) अशी कामगिरी केली. डेन्व्हरचा सर्बियन सेंटर निकोला योकिच याच्यावरून 'चिनी योकिच' हे नाव त्याला आधीच चिकटलं होतं. आणि त्याबरोबर नेहमीची दुसरी चर्चाही सुरू झाली: हात चांगले, पासची नजर उत्तम, पण पाय जड, दम कमी आणि अंगात अजून ताकद नाही.

चिनी खेळाडूंबद्दल ही तक्रार गेली पंचवीस वर्षं ऐकू येते आहे. २०१६ साली ह्यूस्टनने ४३ व्या नंबरला घेतलेला झोऊ ची सात फुटांवर आणि वजनाला ९५ किलोच्या आसपास. काडी पैलवान म्हणून त्याची चेष्टा व्हायची. तो एनबीएत एकूण १९ सामने खेळला आणि २०१८ च्या डिसेंबरात संघाने त्याला सोडून दिलं. त्याच ड्राफ्टमध्ये वांग झेलिनला मेम्फिसने ५७ व्या नंबरला घेतलं. तो तिथे एकही सामना खेळला नाही. प्रत्येक वेळी निदान एकच होतं, ताकद कमी. उपायही ठरलेला असे, जिम. वजन वाढवा, प्रथिनं खा, वजनं उचला.

निदान अर्धं बरोबर आहे, असं मला वाटतं. उपाय मात्र चुकीच्या जागी शोधला जातोय. चिनी खेळाडूला ताकद कमावता येत नाही, ही गोष्ट खरी नाही. ती ताकद कधी, कशी आणि किती सावकाश कमवायची हे ठरवण्याचा हक्क त्याच्या हातात नसतो, खरं दुखणं तिथे आहे.

आधी तो 'आशियाई शरीर' नावाचा गैरसमज बाजूला करू. आपल्याकडेही तो मोठ्या आवडीने बोलला जातो. 'त्यांची हाडंच बारीक', 'जीन्सच तसे' वगैरे. ज्या देशाच्या बास्केटबॉलपटूंना अशक्त म्हणतात, त्याच देशाने टोकियो ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगची सात आणि पॅरिसमध्ये पाच सुवर्णपदकं नेली. ताकद कशी बनते याचं शास्त्र चीनमध्ये जगात कुणाहून कमी नाही. स्क्वॉट कसा मारायचा हे चिनी प्रशिक्षकाला ह्यूस्टनच्या माणसाने शिकवण्याची गरज नाही. मग ती विद्या बास्केटबॉलच्या कोर्टापर्यंत का पोचत नाही?

कारण बारबेल उलट ढकलत नाही. दीडशे किलोचा बार काल होता तसाच आज असतो. तो तुमचा तोल ओळखून ऐन वेळी बाजूला सरकत नाही. बास्केटखालच्या जागेसाठी दोन उंच माणसं झटतात तेव्हा काय होतं ते जवळून बघा. टीव्हीवर ते दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. पाठ करून उभा असलेला सेंटर गुडघे वाकवतो, कमरेखालचा भाग मागच्या माणसाच्या मांडीवर टेकवतो. मागच्याचा कोपर त्याच्या पाठीच्या खालच्या भागात रुतलेला. चेंडू अजून दुसऱ्या टोकाला आहे आणि इथे तीन सेकंदांत चार वेळा वजन इकडून तिकडे गेलेलं असतं. मागचा अचानक हात काढून घेतो, की पुढचा माणूस स्वतःच्याच जोराने मागे कलतो. ज्याचं कंबरडं खाली आणि पाय रुंद, तो जागा धरतो. ज्याचे पाय लांब आणि वजन वर, तो दोन फूट बाहेर ढकलला जातो. आणि दोन फूट बाहेर म्हणजे सोपा हूक शॉट अवघड झाला. ह्या ताकदीला छातीच्या स्नायूंचा उपयोग कमी. नितंब, पोट, पोटऱ्या, आणि समोरचा कधी जोर लावणार हे अर्धा क्षण आधी ओळखण्याची सवय, यावर ती उभी असते. ही सवय फक्त अंगाला अंग लागूनच येते. आपल्या तालमीत हेच सांगतात: जोर-बैठका हजार काढ, पण मातीत जोड धरल्याशिवाय कुस्ती येत नाही.

यी जियानलियानची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. २००७ च्या ड्राफ्टआधी संघांना त्याचा सराव दाखवण्यात आला, पण समोर खेळाडू नव्हता. तो एका खुर्चीला चकवून बास्केट करत होता, असं त्या वेळी सगळीकडे छापून आलं. लोक अजून त्यावर हसतात. मिलवॉकीने तरीही त्याला सहाव्या नंबरला घेतलं आणि नंतर चार संघांत मिळून त्याची सरासरी आठ गुणांच्या आतच राहिली. यी आळशी नव्हता. चीनमध्ये परतल्यावर तो पुढे अनेक वर्षं ग्वांगडाँगच्या क्लबचा आणि राष्ट्रीय संघाचा कणा होता. पण ज्या वयात त्याला खुर्चीऐवजी आपल्याहून दांडगे, अनुभवी, जरा दुष्टसुद्धा प्रतिस्पर्धी हवे होते, त्या वयात ते त्याला मिळाले नाहीत.

युरोपात हे वेगळ्या रीतीने होतं. पुढे एनबीएत गाजलेला लुका डॉन्चिच सोळाव्या वर्षी रेआल माद्रिदच्या मुख्य संघातून खेळला. निकोला योकिचला डेन्व्हरने २०१४ मध्ये ४१ व्या नंबरला घेतलं आणि आणखी एक वर्ष सर्बियातच ठेवलं. तिथे तो मोठ्या माणसांच्या लीगमध्ये धक्के खात होता. त्या वेळचे त्याचे फोटो पाहिलेत, तर हा गोलमटोल पोरगा पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, होईल असं कुणालाच वाटणार नाही. त्याची ताकद यथावकाश आली. कुणी तारीख लावली नव्हती.

चीनमध्ये तारीख लावतात. तिथल्या क्रीडा शाळांत मूल निवडलं जातं ते बऱ्याचदा उंचीच्या अंदाजावर. आई-बाबांची उंची बघायची, हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजायचं, आणि पुढे किती वाढेल ते ठरवायचं. याओचे आई-वडील दोघेही बास्केटबॉलपटू. आई फांग फेंगदी राष्ट्रीय महिला संघाची कर्णधार होती. तो नऊ वर्षांचा असताना शांघायच्या क्रीडा शाळेत दाखल झाला. उंच मूल सापडलं की त्याचं वेळापत्रक त्याच्या हातातून जातं. आणि त्या वेळापत्रकावर साठच्या दशकातल्या एका धोरणाची छाया अजून आहे: सराव कठीण हवा, शिस्त कडक हवी, प्रत्यक्ष लढतीसारखा हवा आणि प्रमाण भरपूर हवं. जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघाचे प्रशिक्षक दाइमात्सु यांची पद्धत बघून चिनी अधिकारी भारावले होते, तेव्हाची ही गोष्ट. व्हॉलीबॉल, डायव्हिंग, टेबल टेनिस यांत ह्या धोरणाने पदकांचा पाऊस पाडला. बास्केटबॉलमध्ये त्यातलं शेवटचं, 'प्रमाण भरपूर', हेच मुख्य होऊन बसलं.

उंच शरीराला ते सोसत नाही. इथे जरा गणित करू. सगळी प्रमाणं तीच ठेवून माणसाची उंची १० टक्के वाढवली, तर त्याचं वजन साधारण ३३ टक्के वाढतं, पण हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ २१ टक्केच. म्हणजे प्रत्येक उडीनंतर पायाच्या हाडावर पडणारा भार बुटक्या माणसापेक्षा जास्त. सव्वादोन मीटरच्या मुलाला पावणेदोन मीटरच्या मुलाइतक्याच उड्या मारायला लावणं म्हणजे त्याच्या पायांच्या हाडांचं आयुष्य आधीच खर्चून टाकणं. त्यात असं मूल वीस वर्षांचं होईपर्यंत वाढत राहू शकतं, आणि हाडं लांब होत असताना स्नायू मागेच राहतात. उंच मुलाला ताकद उशिरा येते ती म्हणून.

याओचं उदाहरण लोक नेहमी यशाचं म्हणून देतात. मी ते दुसऱ्या बाजूने वाचतो. १७ जानेवारी २००३ ला तो पहिल्यांदा लेकर्सचा अवाढव्य सेंटर शकील ओ'नील, म्हणजे शॅक, याच्यासमोर उभा राहिला. सुरुवातीलाच त्याने शॅकचे शॉट अडवले, सामन्यात ६ ब्लॉक केले, १० गुण आणि १० रिबाउंड मिळवले, आणि ह्यूस्टन जादा वेळेत जिंकलं. पण शॅकने त्या रात्री ३१ गुण केले. उंची आणि कौशल्य याओकडे होतं. शॅकला जागेवरून हलवता येईल इतका भार अजून अंगात नव्हता. तो पुढच्या चार वर्षांत आला. पहिल्या वर्षी १३.५ गुणांची सरासरी असलेला हा माणूस २००६-०७ मध्ये २५ वर गेला. वजन १४० किलोच्या घरात, आणि पाठीवर दुसरा सेंटर झेलत तो जिथे हवं तिथे जाऊन उभा राहायचा. चिनी माणूस ताकद कमावू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं होतं.

आता त्याच्या सामन्यांची संख्या मोसमागणिक बघा: ८२, ८२, ८०, ५७, ४८, ५५, ७७, शून्य, ५. पहिली तीन वर्षं त्याने जवळजवळ एकही सामना चुकवला नाही. आणि उन्हाळ्यात इतर खेळाडू विश्रांती घेत, जिममध्ये शांतपणे अंग घडवत, तेव्हा तो राष्ट्रीय संघात असे. २००३ आशियाई अजिंक्यपद, २००४ ऑलिंपिक, २००५ पुन्हा आशियाई, २००६ विश्व अजिंक्यपद. २००६ च्या एप्रिलमध्ये डाव्या पायाचं हाड मोडलं. २००८ च्या फेब्रुवारीत त्याच पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी चीर) झालं, आणि ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकला तो झेंडा घेऊन मैदानात होता. २००९ च्या मे महिन्यात पुन्हा तोच पाय. २०११ च्या जुलैमध्ये, तीस वर्षांचा असताना, निवृत्ती. सगळा दोष उन्हाळ्यांना देता येणार नाही. एवढ्या उंच आणि जड माणसाचे पाय तसेही धोक्यात असतात, ह्यूस्टननेही त्याला मिनिटं भरपूर दिली. पण हाड भरून यायला वेळ लागतो आणि याओला तो वेळ कुणी दिला नाही. त्याने मागितला का, हेही कुणी मोकळेपणाने विचारू शकलं नाही. देशाचा सर्वांत लाडका खेळाडू घरच्या ऑलिंपिकला नाही म्हणणार कसा?

नाही म्हटलं तर काय होतं, ते वांग झीझीने दाखवलं होतं. तो एनबीएतला पहिला चिनी खेळाडू. डलासने त्याला १९९९ मध्येच निवडलं होतं, पण तो सैन्याच्या बायी संघाचा, त्यामुळे परवानगी मिळून कोर्टावर उतरायला २००१ चा एप्रिल उजाडला. २००२ च्या उन्हाळ्यात त्याने अमेरिकेत राहून सराव करायचं ठरवलं, राष्ट्रीय शिबिराला गेला नाही. त्याला राष्ट्रीय संघातून काढलं, आणि तो परतला २००६ मध्ये, जाहीर दिलगिरी व्यक्त करून. त्याच्याही आधी मा जियान नावाचा खेळाडू अमेरिकेत यूटा विद्यापीठात शिकायला गेला आणि राष्ट्रीय संघाची दारं त्याला बंद झाली. झोऊ चीचं प्रकरण तर अगदी अलीकडचं. शिनजियांगच्या क्लबकडे त्याच्या नोंदणीचे हक्क होते, त्याला तिथे खेळायचं नव्हतं. शेवटी तो ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये मेलबर्नच्या संघाकडे गेला. त्याचं बरोबर की क्लबचं, यावर चीनमध्येही दोन तट होते. मला त्यात एवढंच दिसतं की पंचविशीतल्या सेंटरची ऐन उमेदीची वर्षं कागदपत्रांत गेली.

इथे कुणी म्हणेल, ही व्यवस्था नसती तर याओच झाला नसता. मान्य. क्रीडा शाळा नसत्या तर शांघायच्या त्या जोडप्याचा मुलगा कदाचित अभियंता झाला असता. लहानपणी त्याला बास्केटबॉल फार आवडतही नव्हता, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. खेळाडू हुडकण्यात चिनी व्यवस्था पटाईत आहे. माझा आक्षेप त्यापुढच्या टप्प्यावर आहे. सोळाव्या वर्षानंतर उंच मुलाला जे लागतं, म्हणजे अनोळखी लोकांबरोबर रोजची धक्काबुक्की, पुरेशी झोप, आणि 'आज माझा गुडघा दुखतोय' असं म्हणायची मुभा, ते ती देऊ शकत नाही. कारण जे मोजता येतं तेच तिला दिसतं.

मोजमापाचं हे वेड कुठवर जातं ते २०२० मध्ये पोहण्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत दिसलं. चीनच्या क्रीडा प्रशासनाने सर्वच खेळांत शारीरिक क्षमतेची चाचणी आणली होती. वांग जियानजियाहे हिने महिलांच्या १५०० मीटरच्या प्राथमिक फेरीत आशियाई विक्रम केला, आणि तरी तिला अंतिम फेरीत जागा मिळाली नाही. धावणं, ओढणं वगैरे चाचण्यांतले गुण कमी पडले. तलावात आशियात सर्वांत वेगवान असलेल्या मुलीला जमिनीवरच्या गुणपत्रिकेने बाहेर बसवलं. देशभर टीका झाली. ही घटना पोहण्यातली असली तरी दृष्टी तीच आहे: ताकद म्हणजे चाचणीतला आकडा.

खाण्याचीही एक गंमत आहे, खरं तर गंमत म्हणू नये. चीनमध्ये मांसात क्लेनब्युटेरॉल सापडायचं. डुकरांचं मांस कमी चरबीचं व्हावं म्हणून हे औषध चारायचे आणि ते उत्तेजकांच्या यादीत आहे. चाचणीत सापडू नये म्हणून खेळाडूंना बाहेरचं मांस खायला बंदी. २०१२ मध्ये महिला व्हॉलीबॉल संघ निंगबो शहरात झालेल्या स्पर्धेत हरला तेव्हा प्रशिक्षकांनी कारण दिलं की मुलींनी कित्येक दिवस मांसच खाल्लेलं नाही. ताकदीचं सगळं शास्त्र हाताशी असून ताटात काय येणार याची खात्री नाही, अशी ही अवस्था होती.

मग पैशाकडे येऊ. सीबीए, म्हणजे चीनची व्यावसायिक लीग, १९९५ मध्ये सुरू झाली. आज वीस संघ आहेत, क्वार्टर एनबीएसारखाच १२ मिनिटांचा, पैसा भरपूर. देशी खेळाडूंचे पगार इतके फुगले की २०२० च्या मोसमापासून वरची मर्यादा ६० लाख युआन ठेवावी लागली. आपल्या हिशेबाने सात कोटींच्या आसपास. अशा खेळाडूने अमेरिकेत जी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, जाऊन रात्रीच्या बसने फिरायचं, इंग्रजी शिकायचं आणि किरकोळ मानधनावर धक्के खायचे? कशाला? डिंग यान्युहांगने २०१८ मध्ये ते करून पाहिलं, पण मोठ्या संघापर्यंत पोचला नाही. घरी त्याच्यासारख्याला राजासारखं ठेवतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी कोणीही हाच हिशेब केला असता.

सीबीएतच जर कस लागत असता तर परदेशी जायची निकडही नव्हती. पण परदेशी खेळाडू किती आणि किती क्वार्टर खेळतील यावर तिथे बंधनं आहेत. हेतू चांगला, देशी पोरांना संधी मिळावी. घडतं असं की चेंडू अमेरिकी गार्डच्या (चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूच्या) हातात राहतो, आणि चिनी सेंटर बहुतेक वेळ दुसऱ्या चिनी सेंटरशीच झुंजतो. त्या दोघांना एकमेकांच्या खोडी लहानपणापासून माहीत. ही बंधनं सैल करावीत, निदान सेंटरच्या बाबतीत तरी, असं माझं मत आहे. दरवर्षी दोन-तीन आडदांड लिथुआनियन किंवा नायजेरियन माणसं समोर आली तर बेंचवर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला जे शिकायला मिळेल ते राष्ट्रीय शिबिरात वर्षभर राहून मिळणार नाही.

राष्ट्रीय संघाचे निकाल या सगळ्याची साक्ष देतात. २००८ ला घरच्या ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरी. त्यानंतर २०१२ आणि २०१६ ला पाचपैकी पाच सामने हरले. २०१९ चा विश्वचषक घरी होता. पोलंडविरुद्ध शेवटच्या क्षणांत झोऊ चीचा साइडलाइनवरून टाकलेला पास हुकला, सामना जादा वेळेत ७६-७९ असा गेला, आणि ऑलिंपिकचं थेट तिकीट इराणला मिळालं. टोकियो नाही, पॅरिस नाही. २०२३ च्या विश्वचषकात अमेरिकी काइल अँडरसनला चिनी नागरिकत्व देऊन खेळवलं, तरी ३२ संघांत २९ वा नंबर. फिलिपिन्सकडून तर ७५-९६ असा पराभव. त्याच स्पर्धेत जपानने फिनलंड आणि व्हेनेझुएलाला हरवून पॅरिसची जागा मिळवली.

जपानकडे उंची नाही, हे विशेष. त्यांच्याकडे युकी कावामुरासारखा १.७३ मीटरचा गार्ड आहे, जो पुढे मेम्फिसकडून एनबीएतही खेळला. पण २०१६ मध्ये त्यांनी भांडणं मिटवून बी-लीग ही एकच व्यावसायिक लीग उभी केली, आणि त्यांची मुलं अमेरिकी कॉलेजांत गेली. रुई हाचिमुरा गोन्झागा विद्यापीठात पहिल्या वर्षी जेमतेम खेळला. भाषा शिकत होता आणि अंग कमावत होता. तिसऱ्या वर्षानंतर, २०१९ मध्ये तो नवव्या नंबरला निवडला गेला. त्याचा खेळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, त्याच्या खांद्याला टक्कर देणं सोपं नाही. ती तीन वर्षं त्याच्यावर कुठलाही महासंघ घड्याळ लावून बसला नव्हता.

चीनमध्येही बदल होतोय, ते नाकारत नाही. २०२५ च्या आशिया चषकात, जेद्दात, त्यांचा तरुण संघ अंतिम फेरीत पोचला आणि ऑस्ट्रेलियाकडून एका गुणाने, ८९-९० असा हरला. त्या संघातला वांग जुनजिए अमेरिकी कॉलेजात खेळणारा. छुई योंगशी एनबीएच्या ब्रुकलिन संघापर्यंत पोचला होता, पण २०२४ च्या डिसेंबरात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. (भारत त्या जेद्दाच्या स्पर्धेत चीनच्याच गटात होता आणि तिन्ही सामने हरला; आपणही २०१५ मध्ये सतनाम सिंग ड्राफ्ट झाला तेव्हा सात फूट दोन इंचांच्या आकड्यावरच खूश होतो. डलासच्या मुख्य संघाकडून मोसमातला एकही सामना तो खेळला नाही.)

महिलांचं चित्र जास्त आशादायक आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. २०२२ मध्ये सिडनीत चिनी महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत गेल्या, १९९४ नंतर पहिल्यांदा. पुढच्या वर्षी जपानला ७३-७१ हरवून आशिया चषक जिंकला. त्या संघातली हान शू डब्ल्यूएनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या महिला लीगमध्ये, न्यूयॉर्ककडून खेळलेली, आणि २.०१ मीटरची ली युएरू शिकागो, लॉस एंजेलिस, सिएटल, डलास अशी फिरली. ली युएरूला खेळताना बघा. ती फार उंच उडत नाही, पण जागा धरली की सोडत नाही; समोरची कितीही चपळ असो, आधी तिच्या कमरेला वळसा घालावा लागतो. डब्ल्यूएनबीएत बेंचवर बसून, सरावात रोज मार खाऊन ती ताकद आली आहे. पॅरिसमध्ये हा संघ गटातच बाद झाला, स्पेनकडून जादा वेळेत एका गुणाने हरला, तेव्हा सगळं आलबेल आहे असंही नाही. पण वाट तीच आहे.

म्हणून मला काळजी वाटते ती झांग झियूची. २००७ ला जन्मलेली, २.२० मीटरहून उंच, शानडोंगचीच. २०२४ मध्ये १८ वर्षांखालच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने ४२ गुण केले आणि चीन तरीही हरला. पुढच्याच वर्षी शेनझेनला वरिष्ठ संघात. तिचा खेळ अजून साधा आहे: बास्केटखाली उभी राहते, हात वर करते, चेंडू येतो, टाकते. बाकीच्या मुली तिच्या कोपरापर्यंतही पोचत नाहीत. एवढ्यावर गुण मिळतात, व्हिडिओ जगभर फिरतात, आणि तिला सगळ्या स्पर्धांना नेण्याचा मोह आवरत नाही. पण तिचे पाय बघा. बचावासाठी मागे पळताना ती किती जपून पाऊल टाकते ते दिसतं. तिला हव्या आहेत कमी उड्या, कमी स्पर्धा, आणि तीन-चार वर्षं नितंब आणि घोट्यांवर कंटाळवाणं काम. त्या कामाची कुणी क्लिप टाकणार नाही.

आणि यांग. पोर्टलंडने त्याला पहिल्या मोसमात जी-लीगमध्येही खेळवलं, यावर चिनी चाहते नाराज झाले. मला ती सर्वांत चांगली बातमी वाटली. तिथे फारसे कॅमेरे नाहीत, रोज समोर कुणीतरी उपाशी, नोकरीसाठी झगडणारा माणूस आहे आणि तो यांगला ढकलणारच. २०२६ च्या १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबरला नागोयात एशियाड आहे, आणि एनबीए संघांची सराव शिबिरं सप्टेंबरअखेरीस सुरू होतात. दोन्ही ठिकाणी एका वेळी असता येत नाही. चिनी महासंघाने त्याला नागोयाला बोलावू नये. पात्रता सामन्यांनाही उन्हाळ्यात एखाददुसऱ्या आठवड्यापेक्षा जास्त अडकवू नये. एशियाडचं सुवर्ण त्याच्याशिवायही जिंकता येईल, किंवा येणार नाही. २०२७ ला दोहात विश्वचषक आहे, तेव्हा तो बावीस वर्षांचा असेल, आणि सेंटरच्या खांद्यांना बावीस म्हणजे अजून लहानच.